चिल्लर चाळताना: नाण्यातला डायचा फरक कसा ओळखतो

नाण्यावर काही वेगळे दिसले की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: याच डायवरून, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या याच पोलादी ठशावरून, याच्या मागोमाग पडलेले नाणे असेच दिसेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो डायचा फरक. ‘नाही’ असेल तर ते त्या एकट्या नाण्याचे दुखणे. चकती, म्हणजे ज्यावर चित्र उमटवतात तो धातूचा कोरा तुकडा, वाकडी बसली असेल, धातू कमी पडला असेल, नाहीतर नाणे रस्त्यावर चाकाखाली आले असेल. दोन्ही गोष्टी जमवणारे लोक आहेत, पण शोधायची रीत वेगळी आहे. इथे लिहितो आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल, तेही मुख्यतः १९९० नंतरच्या आपल्या नाण्यांबद्दल, कारण ती आजही चिल्लरीत मिळतात.

आधी थोडे नाणे कसे पडते याविषयी, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मूळ साच्यावरून हब, म्हणजे डाय बनवायचा ठसा, तयार होतो. हबवर चित्र उठावाचे असते. तो मऊ केलेल्या पोलादी दांड्यावर दाबला की डाय मिळतो, त्यावर चित्र खोलगट आणि उलटे. मग डाय कडक करून छपाईला लावतात. म्हणजे डायवर जे खोल आहे ते नाण्यावर उठून दिसणार. डायला तडा गेला तर नाण्यावर उठावाची रेघ येणार. नाण्यावर खोल गेलेली रेघ दिसली तर तो बहुधा नंतरचा ओरखडा. बोटाच्या नखाने नव्हे, तिरक्या प्रकाशाने हे तपासायचे: दिवा डावीकडे असेल तर उठावाच्या रेघेची डावी बाजू चकाकते, खोल रेघेची उजवी. एवढे एक नीट जमले की निम्मी चुकीची ‘दुर्मीळ नाणी’ टेबलावरून उठतात.

सामान फार लागत नाही. दहापट दाखवणारे चांगले भिंग, म्हणजे तीन काचा जोडलेले, कडेला रंगीत किनार न दिसणारे. मान वाकवता येणारा एलईडी दिवा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. एक लोहचुंबक, एक व्हर्नियर कॅलिपर. यूएसबीचा स्वस्त सूक्ष्मदर्शक घेतला तरी निर्णय भिंगावरच घ्यावा. त्याच्या गोल दिव्यांमुळे प्रत्येक अक्षराला दोन-दोन चकाकत्या कडा दिसतात आणि साधे नाणे दुहेरी वाटू लागते.

नाणी आधी धातूप्रमाणे वेगळी करतो. पाच रुपयांचे उदाहरण घेऊ. १९९२ पासूनचे जाड तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे, व्यास २३ मिलिमीटर. २००७ पासून आलेले पोलादी ६ ग्रॅमचे, ते चुंबकाला चिकटते. २००९ पासूनचे पिवळसर निकेल-ब्रासचेही ६ ग्रॅमचे, पण चिकटत नाही. २००६-०७ च्या सुमाराची काही स्मारक नाणी, उदाहरणार्थ ओएनजीसीच्या सुवर्णमहोत्सवाचे पाच रुपये, तांबे-निकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत आहेत. हा फरक धातूचा आहे, डायचा नाही. वहीत त्याला वेगळा रकाना. तसेच दहा रुपयांचे. पंधरा रेषांचे आणि दहा रेषांचे नाणे पाहून लोकांनी एकाला खोटे ठरवले होते. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की तोवर निघालेले दहा रुपयांचे चौदाही नमुने वैध आहेत. नमुना बदलणे हा सरकारी निर्णय. डायचा फरक एकाच नमुन्याच्या, एकाच सालाच्या, एकाच टाकसाळीच्या नाण्यांत शोधायचा असतो. म्हणून ढीग त्या तीन गोष्टींनुसार लावून झाल्याशिवाय मी भिंग उचलत नाही.

आणि इथेच पहिली खरी अडचण येते: टाकसाळ ओळखणे.

चिन्ह सालाच्या खाली असते. मुंबईचा चौकट म्हणजे हिरा, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याचे काहीच नाही. ऐकायला सोपे. पण हे चिन्ह नाण्यावरचे सगळ्यांत बारीक काम असते, आणि बारीक खळगा डायवर सर्वांत आधी बुजतो. छपाईच्या यंत्रातले ग्रीस आणि धातूचा कीस तिथे साचला की चिन्ह उमटतच नाही. मुंबईचे नाणे कोलकात्याचे होऊन बाजारात येते. ज्या साली कोलकात्याने ते नाणे पाडल्याची नोंद यादीत नाही, त्या साली असे नाणे मिळाले तर विकणारा त्याला मोठी किंमत लावतो. मी मात्र दिवा जवळजवळ आडवा करतो आणि नाणे हळूहळू फिरवतो. बुजलेल्या चिन्हाची पुसट कड कुठल्या ना कुठल्या कोनात दिसून जाते. मग शेजारचे आकडे पाहतो. सालाचा शेवटचा आकडा किंवा त्याची खालची कड मऊ पडली असेल तर ग्रीसच. आकडे करकरीत असले तरी मी लगेच मानत नाही, कारण फक्त चिन्हाचाच खळगा भरणेही शक्य आहे. अशा वेळी त्याच सालाच्या निश्चित मुंबईच्या नाण्याशी आकड्यांची ठेवण, सालाचे कडेपासूनचे अंतर, उठावाचा जोर हे सगळे ताडून पाहतो. ग्रीसने आलेली उणीव त्या डायची कायमची खूण नसते. डाय पुसला की चिन्ह परत येते.

उलटेही होते. कोलकात्याच्या डायवर सालाखाली पोलादाची बारीक कपची निघाली तर नाण्यावर तिथे ठिपका उठतो आणि नोएडाचा भास होतो. नोएडाचा ठिपका गोल, कडा उभ्या, माथा सपाट किंवा किंचित फुगीर. कपचीचा ठिपका वेडावाकडा, एका बाजूला उतरता, आणि बहुधा सालाच्या मध्याखाली नेमका येत नाही. मोबाइलवर फोटो काढून सालाच्या पहिल्या आकड्याच्या डाव्या कडेपासून आणि शेवटच्या आकड्याच्या उजव्या कडेपासून ठिपक्याचे अंतर मोजले की कळते. कपची मात्र डायचीच आहे, तेव्हा असे नाणे फेकू नये. ‘कोलकाता, सालाखाली डाय कपची’ असे लिहून ठेवायचे.

झिजलेला तारा, झिजलेला हिरा आणि ठिपका यांची गल्लत तर रोजची. त्यावर एक साधी युक्ती आहे. नाणे उलटे धरा, म्हणजे साल डोक्यावर उभे. हिरा आणि ठिपका तसेच दिसतात. ताऱ्याला पाच टोके असल्याने तो वर-खाली सारखा नसतो, त्याचे एक टोक आता खाली येते. टोके पूर्ण झिजली तरी त्यांच्यामधल्या खाचा शेवटपर्यंत राहतात. हिऱ्याला त्या खाचा कधीच नसतात.

१९८५ च्या एका रुपयावर सालाखाली एच अक्षर दिसले तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीलाही परदेशातून नाणी पाडून आणली गेली. कोरियातल्या तेगूची, स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाची, मॉस्कोची चिन्हे त्या काळच्या नाण्यांवर सापडतात. तेगूचे चिन्हही ताराच आहे. त्यामुळे त्या सालांतला तारा नेमका कुठल्या आकड्याखाली आहे हे लिहिल्याशिवाय ‘हैदराबाद’ असे लिहू नये.

आता दुहेरी छाप. संग्राहकांचा सगळ्यांत जास्त वेळ यात जातो आणि सगळ्यांत जास्त पैसाही यात बुडतो.

खरा दुहेरी डाय हब दाबताना तयार होतो. पूर्वी एका दाबात चित्र पुरते उतरत नसे. डाय भट्टीत मऊ करून पुन्हा हबखाली घ्यावा लागे. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला तर दोन चित्रे एकमेकांवर बसत. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टाकसाळीतली १९५५ ची एक सेंटची नाणी याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांवर साल आणि अक्षरे उघड्या डोळ्यांना दुहेरी दिसतात, आणि अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी चलनात गेल्याचा अंदाज आहे. पुढे एकाच दाबात हब उतरवण्याची यंत्रे आली, अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि असे ठळक प्रकार जवळपास थांबले. एका दाबातही डाय सुरुवातीला कलता बसला तर फरक पडतो, पण तो नाण्याच्या मध्याजवळ, छोट्या भागात. म्हणून अलीकडच्या नाण्यात कडेची अक्षरे पाहून झाली की मधला भाग पाहणे चुकवू नये. आपल्याकडे सिंहांचे पंजे, खालच्या चौथऱ्यावरचे चक्र, बैल आणि घोडा.

चलनात हाताला येते ती मात्र बहुतेक यंत्राची थरथर, म्हणजे मशीन डबलिंग. नाणे पडल्यावर डाय उचलला जाताना जागचा हलतो आणि आत्ताच उठलेल्या अक्षराची कड चेपून जातो, कागदावरून रबरी शिक्का उचलताना हात घसरावा तसा. आपली पोलादी नाणी कठीण धातूची. त्यांना दाब जास्त लागतो, डायवर ताण येतो, म्हणून हा प्रकार त्यांवर फार.

दोन्हींतला फरक मी ‘भारत’ आणि ‘सत्यमेव जयते’ या अक्षरांवर पाहतो, कारण शिरोरेखा सगळे सांगून टाकते. खऱ्या दुहेरी डायमध्ये शिरोरेखेच्या टोकाला खाच पडते, दोन टोके सुटी दिसतात. दोन्ही छापांना गोलाई असते, दोन्हींची उंची जवळपास सारखी, आणि रेघेची एकूण जाडी वाढते. थरथरीत शिरोरेखेच्या एका बाजूला खाली सपाट, चकचकीत पायरी दिसते, जमिनीलगत, आणि मूळ रेघ त्या मानाने बारीक होते. धातू वाढलेला नसतो, तोच खाली दाबलेला असतो. पायरी सगळ्या अक्षरांना एकाच दिशेला असेल तर प्रश्नच नाही. शंका आली तर दिवा चारही बाजूंनी फिरवावा. सपाट पायरी एका कोनात आरशासारखी चमकते आणि दुसऱ्या कोनात नाहीशी होते. खाच नाहीशी होत नाही.

तिसरा प्रकार थकलेल्या डायचा. कडेजवळची अक्षरे सुजल्यासारखी, बाहेरच्या बाजूला पसरलेली, मैदानावर, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीच्या मोकळ्या सपाट भागावर, मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक सुरकुत्या, चकाकीऐवजी खरखरीतपणा. तिथे अक्षराभोवती धूसर दुसरी कड दिसते, पण खाच कधीच नाही. हा डायच्या म्हातारपणाचा परिणाम. तो नोंदवतो, पण वेगळा प्रकार म्हणून नाव देत नाही.

तड्यांकडे येऊ. मला स्वतःला हा विभाग सर्वांत आवडतो, कारण यात डायचे आयुष्य वाचता येते. तडा बहुधा कडेपासून निघतो, अक्षरांच्या आधाराने सरकतो, वेडावाकडा जातो, आणि मैदान व अक्षर दोन्हींवरून सलग उठावाने दिसतो. वाढत वाढत तो दोन्ही टोकांनी कडेला भिडला की मधला तुकडा निखळतो आणि नाण्याच्या कडेला बिनचित्राचा फुगवटा येतो. हा फुगवटा खरा की कुणी झाळून चिकटवलेला, हे दुसऱ्या बाजूवरून कळते. धातू त्या खड्ड्यात गेल्यामुळे बरोबर मागच्या जागी चित्र अर्धवट उठलेले असते. मागचे चित्र ठणठणीत असेल तर फुगवट्यावर विश्वास ठेवू नये.

चकती न येता दोन डाय एकमेकांवर आदळले तर एकाचा ठसा दुसऱ्यावर बसतो. त्यानंतरच्या नाण्यांवर मैदानात विचित्र कमानी आणि तुटक रेषा दिसतात. त्या ओळखण्यासाठी मागच्या बाजूचा फोटो आडवा उलटवायचा, अर्धा पारदर्शक करायचा आणि पुढच्या बाजूच्या फोटोवर ठेवायचा. सिंहांची बाह्यरेषा त्या कमानींवर बसली तर उलगडा झाला.

फिरलेला डाय तपासणे सोपे. आपल्या गणराज्याच्या नाण्यांत दोन्ही बाजू एकाच दिशेला उभ्या असतात. नाणे वर-खाली बोटांत धरून बाजूने फिरवले की मागचेही सरळ दिसायला हवे. घड्याळातला एक तास म्हणजे ३० अंश, या मापाने अंदाज घ्यायचा आणि मग फोटोवर मोजायचे. १५ अंशांखालचे मी सोडून देतो. १९९२ ते २००४ मधली अकरा बाजूंची दोन रुपयांची नाणी इथे फार उपयोगी पडतात. कोपरे हीच मोजपट्टी, त्यामुळे कोणती बाजू फिरली हेही सांगता येते. गोल नाण्यात तेवढे कळत नाही. दहा आणि वीस रुपयांत मधली चकती कडीत सरकलेली दिसली तर डायचा काही संबंध नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. वेगळे वाटणारे नाणे मिळाले की त्याला मी नाव देत नाही. एका कागदी पाकिटात घालून ‘थांबा’ लिहितो आणि दुसरे तसेच नाणे शोधतो. दुसरे मिळाल्यावरही ते त्याच डायचे आहे हे सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी मुख्य फरकापासून दूरच्या बारीक खुणा पाहायच्या. डाय घासून साफ केला की त्याच्या मैदानावर केसासारखे ओरखडे पडतात आणि नाण्यावर ते उठावाच्या रेषा होऊन येतात. त्या रेषा अक्षराच्या कडेशी येऊन थांबतात, कारण डायमध्ये अक्षर मैदानापेक्षा खोल असते आणि घासणारा दगड तिथे पोचत नाही. नंतरचा ओरखडा मात्र मैदानावरून अक्षरावर चढतो. ‘इंडिया’च्या शेवटच्या अक्षराजवळ दोन समांतर रेषा, अंक पाचच्या पोटात एक बारीक ठिपका, अशा दोन-तीन खुणा दोन्ही नाण्यांवर जशाच्या तशा जुळल्या तर डाय एकच. एकही जुळत नसेल तर दोन वेगळे डाय, किंवा चूक हबमध्येच. हबमधली चूक त्यावरून काढलेल्या सगळ्या डायमध्ये उतरते, म्हणून ती बरीच सापडते.

नवी पिशवी उपयोगी पडते ती इथे. बँकेतून मिळालेल्या कोऱ्या नाण्यांत एकाच डायची नाणी पाठोपाठ मिळण्याची शक्यता जास्त. फिरून आलेल्या चिल्लरीत विविधता भरपूर, जोड्या कमी. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती आता जुन्या नाण्यांच्या विक्रेत्यांकडे वजनावर घ्यावी लागतात आणि त्यांत आधीच कुणीतरी हात घातलेला असतो.

नाणे धुवायचे नाही. चिंच, टूथपेस्ट, राख यांपैकी काहीही लागले की मैदानावरच्या त्या बारीक रेषा जातात आणि पुरावाच संपतो. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपून घ्यावे, चोळू नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबे-निकेल हिरवट, चिकट होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर लवकरच. पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटे, आत मायलार या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढे पुरते. पिन मारल्यावर तिची टोके चिमट्याने सपाट करावीत, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो.

दोन्ही बाजूंना सिंह असलेले किंवा दोन्ही बाजूंना किंमत असलेले नाणे कुणी दाखवले तर आधी वजन आणि मग कडेच्या आतली गोलाई पाहावी. एक नाणे आतून कोरून दुसऱ्याची पातळ चकती त्यात बसवलेली असते, सांधा कडेच्या आतल्या अंगाला भिंगात दिसतो, आणि टेबलावर टाकले की आवाज बद्द येतो. समाजमाध्यमांवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळाल्याच्या बातम्या फिरतात. अशा व्यवहारांच्या नावाने फसवणूक चालते म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच इशारा दिला होता. आपल्याकडच्या डायच्या फरकांना सर्वमान्य किंमत-यादी नाही. ओळखीच्या संग्राहकांत अदलाबदल चालते आणि भाव दोघांत ठरतो. आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याशी बोलूच नये.

पाकिटावर मी एका ओळीत लिहितो: किंमत, साल, टाकसाळ, धातू, बाजू, फरक, टप्पा. टप्पा, म्हणजे डायच्या आयुष्यात ते नाणे कधी पडले, सर्वांत उशिरा कळतो आणि त्यासाठीच जोड्या जमवायच्या. एकाच डायची तीन नाणी मिळाली, एकावर तडा नाही पण घासल्याच्या रेषा ताज्या, दुसऱ्यावर तडा कडेपासून सालाच्या पहिल्या आकड्यापर्यंत, तिसऱ्यावर तो पलीकडच्या कडेला पोचलेला, की त्यांना अ, ब, क असे क्रम देता येतात. घासल्याच्या रेषा अ वर ठळक, ब वर पुसट आणि क वर गेलेल्या असल्या तर क्रम बरोबर. क वर तडा मोठा आणि रेषाही ताज्या दिसल्या तर मधे डाय पुन्हा घासला गेला आहे, आणि त्या दोघांच्या मधले एखादे नाणे अजून कुणाच्या तरी चिल्लरीत आहे.